मणक्याचे ऑपरेशन, अँटिबायोटिक आणि इन्फेक्शनची भीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मणक्याच्या ऑपरेशनआधी तपासणीला आलेले लोक भुलीबद्दल दोन प्रश्न विचारतात आणि इन्फेक्शनबद्दल दहा. मी भूलतज्ज्ञ. टाके घालणे माझ्या कामात येत नाही, पण चिरा देण्याआधीचे अँटिबायोटिक बहुतेक ठिकाणी आमच्याच हातून जाते, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे साठत गेले. काही तपासणीच्या खोलीत आले, काही डिस्चार्जनंतर फोनवर आणि बरेचसे नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून. उत्तरे मोठ्या माणसांसाठी आहेत, मुलांचे डोस वजनावर ठरतात. डोसचे आकडे तुम्हाला हिशेब कळावा म्हणून दिले आहेत, तो ठरवण्याचे काम मात्र तुमच्या डॉक्टरांचेच.

१. मला काही इन्फेक्शन झालेलेच नाही. मग अँटिबायोटिक कशासाठी?

कातडीवर जंतू असतातच, तुमच्या आणि माझ्याही. औषधाने कितीही घासून पुसले तरी केसांच्या मुळाशी आणि ग्रंथींत दडलेले थोडे उरतात आणि चिऱ्याबरोबर आत उतरतात. एरवी शरीर त्यांचा बंदोबस्त करते. मणक्याच्या ऑपरेशनात मात्र आत रक्ताची गुठळी असते, तासन्‌तास ताणून धरलेले स्नायू असतात आणि अनेकदा स्क्रू-रॉडचे धातूही. तिथे मूठभर जंतूंनाही पाय रोवता येतो. म्हणून जंतू पोचण्याआधी औषध तिथे हजर ठेवायचे. झालेल्या इन्फेक्शनवरचा उपचार दिवसांत आणि आठवड्यांत मोजतात, हा बंदोबस्त तासांत. हा फरक ध्यानात राहिला तर पुढची निम्मी उत्तरे आपोआप सुटतील.

२. धोका नेमका किती? आमच्या शेजाऱ्यांनी शंभरात दहा सांगितले.

कोणत्या ऑपरेशनबद्दल ते बोलत होते, हे आधी विचारायला हवे. दोन मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीचा तुकडा काढून नस मोकळी करण्याच्या साध्या ऑपरेशनात हे प्रमाण साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी असते. स्क्रू-रॉड घालून मणके जोडायचे असतील तर साधारण दोन ते चार. मानेचे ऑपरेशन समोरून केले तर धोका फार कमी, कारण तिथे स्नायूंच्या मधून वाट काढता येते. तेच मागून केले तर स्नायू हाडावरून सोडवावे लागतात आणि धोका वाढतो. शेजाऱ्यांचा दहाचा आकडाही अगदी हवेतला नाही. स्नायूंच्या किंवा मेंदूच्या आजारामुळे पाठ वाकलेली मुले किंवा किरणोपचार झालेल्या जागी करावी लागणारी गाठीची ऑपरेशने यांत तो तिथवर जाऊ शकतो. पण तुमची फक्त गादी सरकली असेल तर तो आकडा तुमचा नव्हे.

३. हे जंतू येतात कुठून? ऑपरेशन थिएटर अस्वच्छ असते का?

सर्वाधिक वेळा सापडतो तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर मजेत राहत असतो. त्याचा चुलत भाऊ एपिडर्मिडिस एरवी निरुपद्रवी, पण धातूवर चिकटून बसण्यात पटाईत. कंबरेच्या खालच्या टोकाला, माकडहाडाजवळ चिरा असेल तर शौचाच्या जागेजवळचे ई. कोलायसारखे जंतूही येतात. म्हणजे बहुतांश वेळा जंतू रुग्णाचे स्वतःचेच असतात. याने थिएटरची जबाबदारी संपत नाही. सतत उघडणारे दार, गरजेपेक्षा जास्त माणसे, नीट न धुतलेले हात यांनीही फरक पडतो. फक्त ‘इन्फेक्शन झाले म्हणजे हॉस्पिटलच घाणेरडे’ हा निष्कर्ष दर वेळी खरा नसतो.

४. कोणते इंजेक्शन देता? पैसे लागले तरी चालतील, पण भारीतले द्या.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता उत्तर पाठ झाले आहे. पहिली पसंती सेफाझोलिन, २ ग्रॅम, शिरेतून. वजन १२० किलो किंवा त्याहून जास्त असेल तर ३ ग्रॅम. आपल्याकडे अनेक ठिकाणी सेफुरॉक्झिम १.५ ग्रॅम देतात, तेही चालते. सेफाझोलिन जुने आहे, स्वस्त आहे आणि म्हणूनच लोकांना हलके वाटते. पण आपला मुख्य शत्रू स्टॅफिलोकॉकस आहे आणि त्याच्यावर ते नेमके चालते. त्याच्या पुढच्या पिढीतले सेफ्ट्रायक्झोन नावाने भारी, पण याच जंतूवर त्याचा जोर उलट कमी. मेरोपेनेमसारखी औषधे अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवायची असतात. घरात उंदीर येऊ नये म्हणून कोणी तोफ लावून ठेवत नाही.

खरे ‘भारी’ काय, तर योग्य औषध, वजनाप्रमाणे डोस आणि अचूक वेळ. यातली तिसरी गोष्ट सर्वांत जास्त हुकते.

५. वेळेचे एवढे काय? सकाळी वॉर्डात इंजेक्शन दिले होते की.

वॉर्डात सहाला दिले आणि ऑपरेशन बाराला सुरू झाले, तर चिरा पडताना रक्तात औषध जवळपास उरलेले नसते. सेफाझोलिनचे रक्तातले प्रमाण साधारण दोन तासांतच निम्म्यावर येते. म्हणून ते चिऱ्याआधीच्या ६० मिनिटांत जायला हवे.

हे शहाणपण तसे नवे नाही. १९६१ मध्ये जॉन बर्क यांनी गिनी पिगवर प्रयोग करून दाखवले की जंतू शिरण्याआधी औषध ऊतींत असेल तर संसर्ग दबतो आणि तीन-चार तास उशीर झाला तर दिलेले न दिल्यासारखे होते. १९९२ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड क्लासेन आणि सहकाऱ्यांनी २,८४७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. चिऱ्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत जखमेचा संसर्ग ०.६ टक्के होता, त्याहून आधी मिळालेल्यांत ३.८ टक्के आणि चिऱ्यानंतर तीन तास उलटल्यावर मिळालेल्यांत ३.३ टक्के. औषध दिले, पण अवेळी दिले, याची ही किंमत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी यादीत, चिरा देण्याआधी सगळ्यांनी थांबून विचारायच्या प्रश्नांत ‘गेल्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिले का?’ हा एक आहे. तुमच्याकडून एवढेच: वॉर्डात इंजेक्शन झाले आणि नंतर तुमचा नंबर मागे गेला, तर थिएटरमध्ये नेताना ते सांगा. नोंद आम्ही पाहतोच, पण रुग्णाने आठवण केली म्हणून कुणी रागावत नाही. रागावले तरी सांगा.

६. हातावर टेस्ट डोस दिला, फुगले नाही. म्हणजे अ‍ॅलर्जी नाही ना?

तसे म्हणता येत नाही. पूर्वी कधी त्रास झाला नसलेल्या माणसात सेफाझोलिनसारख्या औषधाची अशी सरसकट टोचून चाचणी फारसे काही सांगत नाही. फुगले नाही तरी क्वचित प्रतिक्रिया येते आणि सुईनेच जरा लाल झाले म्हणून चांगले औषध विनाकारण नाकारले जाते. आपल्याकडे ही प्रथा सवयीने आणि थोडी कायदेशीर धास्तीनेही टिकून आहे. तिच्यापेक्षा तुमच्या आठवणीला जास्त मोल आहे. कोणत्या औषधाने, किती वर्षांपूर्वी, किती वेळात, नेमके काय झाले होते, हे घरून लिहून आणा. जुना डिस्चार्ज कार्डचा कागद सापडला तर सोन्याहून पिवळे.

७. लहानपणी पेनिसिलिनने अंगावर पुरळ आले होते. मग मला काय देणार?

बहुधा सेफाझोलिनच. पाश्चात्त्य देशांत दहातला एक जण स्वतःला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याचे सांगतो. नीट चाचणी केली की त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना ती नसल्याचे दिसते. लहानपणीचे पुरळ अनेकदा तापाच्या विषाणूचे असते आणि नाव औषधावर पडते. शिवाय सेफाझोलिन पेनिसिलिनचे नातलग असले तरी त्याच्या रेणूची बाजूची साखळी पेनिसिलिनहून आणि आपल्या भावंडांहूनही निराळी आहे, त्यामुळे एकाची अ‍ॅलर्जी दुसऱ्याला लागू होण्याची शक्यता फार कमी.

अपवाद आहेत आणि ते गंभीर आहेत: सेफाझोलिननेच पूर्वी श्वास कोंडला असेल किंवा रक्तदाब कोसळला असेल, किंवा अशा कोणत्याही औषधाने कातडी सोलवटून तोंडात-डोळ्यांत फोड आले असतील, तर ते टाळायचे. मग व्हॅन्कोमायसिन, वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम. ते सावकाश, तासभर किंवा अधिक वेळ चढवावे लागते, म्हणून चिऱ्याआधी दोन तासांच्या आत सुरू करतात. घाईने गेले तर मान आणि चेहरा लालबुंद होऊन खाजतो. ती बहुतेकदा अ‍ॅलर्जी नसते, वेग कमी केला की ओसरते. दुसरा पर्याय क्लिंडामायसिन ९०० मिलिग्रॅम.

‘मग सरळ व्हॅन्कोमायसिनच द्या’ असे म्हणू नका. साध्या स्टॅफिलोकॉकसवर ते सेफाझोलिनपेक्षा कमकुवत पडते आणि ई. कोलायसारख्यांवर चालतच नाही. म्हणून गोळीने पोट बिघडले होते एवढ्यावर फॉर्ममध्ये ‘अ‍ॅलर्जी आहे’ असे लिहिणे महागात पडू शकते.

८. ऑपरेशन आठ तास चालणार आहे. एक इंजेक्शन पुरेल?

नाही पुरणार. सेफाझोलिन आणि सेफुरॉक्झिम दर चार तासांनी पुन्हा द्यावे लागते. पहिला डोस सव्वाआठला गेला तर दुसरा सव्वाबाराला आणि काम चालूच असेल तर तिसरा सव्वाचारला. दीड लिटरच्या वर रक्त गेले तर घड्याळाची वाट न पाहता पुन्हा देतात, कारण रक्ताबरोबर औषधही वाहून गेलेले असते. व्हॅन्कोमायसिन शरीरात बराच वेळ टिकते, त्याला सहसा दुसरा डोस लागत नाही. पाठीचा बाक सरळ करण्याच्या मोठ्या ऑपरेशनात चार तास कसे उलटतात ते कळत नाही, म्हणून मी मोबाइलला गजर लावतो.

९. ऑपरेशननंतर किती दिवस अँटिबायोटिक? माझ्या मेव्हण्याला सात दिवस दिले, मला एकच दिवस. माझ्यावर काटकसर चालली आहे का?

काटकसर नाही, उलट तुमच्या डॉक्टरांनी धीर धरला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१७ मध्ये सांगितले ते असे: स्वच्छ ऑपरेशनात टाके घालून झाल्यावर प्रतिबंधासाठी आणखी डोस देत राहू नका. आधीच्या मार्गदर्शक सूचनांत जास्तीत जास्त २४ तासांची मुभा होती आणि मणक्याचे अनेक सर्जन अजून तीच मर्यादा पाळतात. सात दिवस कुठेच बसत नाहीत.

लोकांना हे उलटे वाटते, कारण जखम तर नंतर सुकते. पण जंतू आत शिरतात ते जखम उघडी असताना. टाके पडले की दार बंद झाले. त्यानंतर दिलेले औषध गुठळीच्या आत धड पोचत नाही. पोटातल्या चांगल्या जंतूंना मात्र ते मारते आणि निबर जंतूंना मोकळे रान देते.

नुकसान मोजलेलेही आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या सुमारे ७९ हजार ऑपरेशनांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हृदयाची, सांधेबदलाची, आतड्याची आणि रक्तवाहिन्यांची ऑपरेशने होती, मणक्याची नव्हती. प्रतिबंधाचे औषध जितके दिवस लांबले तितकी मूत्रपिंडाची इजा आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचे जुलाब वाढत गेले. जखमेचे इन्फेक्शन काही कमी झाले नाही.

मग आपल्याकडे पाच-पाच दिवसांच्या गोळ्या का लिहितात? गर्दीचा वॉर्ड, रुग्णाच्या घरची परिस्थिती, एखादा वाईट अनुभव, ‘काही झाले तर लोक विचारतील’ ही भीती. ही भीती मला समजते, पण गोळी ती दूर करत नाही. तुम्ही परस्पर बंद करू नका. एवढेच विचारा: “ही गोळी प्रतिबंधासाठी आहे, की कुठे इन्फेक्शन दिसले म्हणून?” दुसरे असेल तर कोर्स सांगितला तसा पूर्ण करायचा.

१०. नळी काढेपर्यंत तरी अँटिबायोटिक चालू नको का?

नको. जखमेत साठणारे रक्त बाहेर काढणारी ड्रेनची नळी आहे एवढ्या कारणाने औषध लांबवून फायदा होत नाही. कारण वरच्या उत्तरात आलेच आहे. काम संपले की नळी लवकर काढणे जास्त उपयोगाचे.

११. दुर्बिणीतून ऑपरेशन आहे, चिरा जेमतेम एक सेंटीमीटर. तरीही इंजेक्शन?

हो, पण एकदाच. दुर्बिणीच्या ऑपरेशनात स्नायू फारसे दुखावले जात नाहीत आणि आत सलाईन सतत वाहत असल्याने जागा धुतली जाते, त्यामुळे धोका आणखी कमी. तरी सुई गादीत जाणार असते आणि गादीला रक्तपुरवठा नसतो (प्रश्न २१), म्हणून तेवढा डोस देतात.

१२. जखमेत अँटिबायोटिकची पावडर टाकतात असे ऐकले. मला टाकणार का?

टाके घालण्याआधी साधारण १ ग्रॅम व्हॅन्कोमायसिन पावडर जखमेत भुरभुरण्याची पद्धत गेल्या दशकात बरीच पसरली. जुन्या नोंदी चाळून केलेल्या अनेक अभ्यासांत तिचे चांगलेच कौतुक दिसते. पण चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडतात तशा काटेकोर चाचणीत चित्र वेगळे आले, आणि ती चाचणी आपल्याच देशातली आहे. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये ९०७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फक्त शिरेतून औषध मिळालेल्यांत संसर्ग १.६८ टक्के होता आणि वर पावडरही टाकलेल्यांत १.६१ टक्के. म्हणजे जिथे मुळात सगळे नीट चालले आहे तिथे पावडरीने फारसे हाती लागले नाही. धोका जास्त असलेल्या रुग्णांत काही सर्जन ती वापरतात. मागून घ्यायची गोष्ट ही नव्हे.

१३. मला शुगर आहे. ऑपरेशन पुढे ढकलतील का?

थांबण्याजोगे ऑपरेशन असेल तर कदाचित. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी ७.५ ते ८ च्या आत यावी असा अनेक सर्जनांचा आग्रह असतो आणि ऑपरेशनच्या आसपास साखर २०० च्या, जमल्यास १८० च्या खाली ठेवतात. साखर चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. मधुमेह नसलेल्यांचीही साखर ऑपरेशनच्या ताणाने आणि स्टेरॉइडने चढते, म्हणून बोटाला टोचले तर तक्रार करू नका.

पण लघवी-शौचावरचा ताबा जात असेल किंवा पाय झपाट्याने लुळे पडत असतील, तर एचबीएवनसी ११ असली तरी थांबत नाहीत. इन्सुलिन लावून त्याच दिवशी थिएटरमध्ये नेतात.

१४. सिगारेट ओढत नाही, फक्त मशेरी लावते. तेही सांगायचे का?

जरूर सांगायचे, काकू. ‘व्यसन आहे का’ विचारले की मशेरी, तंबाखूचा बार आणि गुटखा हमखास गाळले जातात, कारण घरात त्यांना व्यसन म्हणतच नाहीत. निकोटीन कुठूनही आले तरी बारीक रक्तवाहिन्या आवळते. जखमेला रक्त कमी मिळाले की प्राणवायू कमी आणि औषधही कमी. अभ्यास बहुतेक सिगारेटवर झाले आहेत आणि त्यांवरून किमान चार आठवडे आधी थांबा असे सांगतात. मणके जोडायचे असतील तर आणखी एक कारण आहे: तंबाखूने हाड जुळून येत नाही आणि स्क्रू सैल पडतात.

१५. घरून काय तयारी करून येऊ? पाठीचे केस काढू का?

केस काढू नका. वस्तऱ्याने कातडीवर बारीक ओरखडे उठतात आणि त्यांत जंतू वाढतात. गरज असलीच तर आम्ही क्लिपरने कापतो. आदल्या रात्री आणि सकाळी आंघोळ करा. साधा साबण चालेल, हॉस्पिटलने क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक दिले तर ते वापरा. नंतर तेल, बाम, पावडर, लेप काहीही नको.

शेकण्याबद्दल वेगळे बोलायलाच हवे. महिनोन्‌महिने दुखणारी पाठ लोक गरम पाण्याच्या पिशवीने, विटेने, तव्यावरच्या फडक्याने शेकत असतात. नस दबल्यामुळे त्या भागाला चटका कळत नाही आणि आम्ही पाठ उघडतो तर नेमक्या चिऱ्याच्या जागी भाजल्याचा फोड. अशा कातडीतून आत जाता येत नाही, ऑपरेशन पुढे जाते. पाठीवर पुळी, गळू, नायट्याची जखम असेल तरी तेच. तारीख मिळाली की आरशात किंवा घरच्यांकडून पाठ एकदा नीट पाहून घ्या.

१६. लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू आले आहेत, पण त्रास काहीच नाही. आधी कोर्स करायचा?

जळजळ, ताप, वारंवार लघवी असे काही असेल तर उपचार आधी, ऑपरेशन नंतर. त्रास नसताना केवळ रिपोर्टमध्ये जंतू दिसले तर अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची शिफारस अशी की मूत्रमार्गाचे सोडून इतर ऑपरेशनांआधी असे जंतू शोधत बसू नये आणि त्यांवर औषधही देऊ नये. धातू घालायचा असला की अनेक सर्जन तरीही धास्तावतात आणि औषध देतात. इथे दोघांचेही मला पटते, तुमच्या सर्जनचे ऐका. किडलेल्या दाताला पू असेल तर तो मात्र आधीच काढून घ्या.

१७. मागच्या आठवड्यातच पाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले. लगेच ऑपरेशन चालेल?

हे लपवू नका, दुसऱ्या डॉक्टरांकडे घेतले असले तरी. अशा इंजेक्शननंतर महिन्याभरात मणके जोडण्याचे ऑपरेशन केले तर इन्फेक्शन जास्त होते असे मोठ्या नोंदींतून दिसले आहे, म्हणून थांबता येत असेल तर एक ते तीन महिने थांबतात. संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर तीही सांगा. ती स्वतःहून बंद करू नका. रोजच्या स्टेरॉइडच्या गोळ्या तर मुळीच एकदम थांबवू नका.

१८. नाकातून काडी फिरवून तपासणी केली आणि एमआरएसए आला. हा भयंकर जंतू ना?

नाकात आहे तोवर तो तुमचा भाडेकरू आहे, आजार नव्हे. हा स्टॅफिलोकॉकसच, फक्त सेफाझोलिनला न जुमानणारा. पाच दिवस दिवसातून दोनदा नाकात म्युपिरोसिनचे मलम आणि क्लोरहेक्सिडीनची आंघोळ, शिवाय ऑपरेशनच्या वेळी सेफाझोलिनच्या जोडीला व्हॅन्कोमायसिन. जोडीला का, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

१९. ऑपरेशनमध्ये नसेभोवतीची पिशवी फाटून पाणी आले म्हणाले. आता मेंदूज्वर होईल का?

बहुतेकांना होत नाही. पिशवी तिथेच शिवतात किंवा चिकटवतात आणि एक-दोन दिवस आडवे ठेवतात. केवळ यासाठी अँटिबायोटिक लांबवण्याची सहसा गरज नसते. पण घरी गेल्यावर ड्रेसिंग पाण्यासारख्या द्रवाने भिजत असेल, उठून बसले की डोके ठणकत असेल, किंवा ताप येऊन मान ताठ होत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

२०. घरी गेल्यावर इन्फेक्शन ओळखायचे कसे?

पहिल्या दोन दिवसांतला हलका ताप आणि टाक्यांच्या कडेची पुसट लाली बहुतेक वेळा साधी असते. काळजीची गोष्ट म्हणजे उलटा प्रवास. दुखणे कमी होत होते आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा वाढू लागले, झोपमोड करू लागले. कोरडी असलेली जखम पुन्हा ओली झाली. टाक्यांतून पू किंवा दुर्गंधीचे पाणी आले. थंडी वाजून ताप आला. पायातली शक्ती नव्याने कमी झाली किंवा लघवी अडली तर त्याच तासाला निघायचे. स्क्रू-रॉड असतील तर पहिले ९० दिवस विशेष लक्ष ठेवतात.

सीआरपी ही शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची चाचणी कोणत्याही ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते आणि साधारण दोन आठवड्यांत खाली येते. एक आकडा पाहून घाबरू नका. खाली येता येता पुन्हा चढली तर मात्र शोध घ्यायचा. ईएसआर ही तशीच दुसरी चाचणी, तिचा आकडा अनेक आठवडे चढलेला राहतो, तो एकटा फारसे सांगत नाही.

यात हमखास होणारी चूक अशी: जखमेतून पाणी आले, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी किंवा थेट मेडिकलवाल्याने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. वरवर बरे वाटते, आत चालूच राहते. शिवाय नंतर नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, पाठवला तर जंतू उगवत नाही आणि कोणते औषध लागू पडेल ते कळत नाही. पाकिटावर लाल उभी रेघ असलेली औषधे चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात. ऑपरेशन केलेल्या सर्जनला आधी दाखवा, नमुना घेऊ द्या, मग गोळी. आणि हळद, तूप, भस्म यांपैकी काहीही जखमेवर नको. हळद दुधात घ्या, माझी हरकत नाही.

२१. वरची जखम छान सुकली आहे. आत इन्फेक्शन असू शकते का?

असू शकते, आणि फसवते ते असेच. मोठ्या माणसात मणक्यामधल्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, वरच्या-खालच्या हाडांतून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. त्यामुळे औषधही तिथे थोडेच पोचते आणि संरक्षक पेशीही. गादीच्या ऑपरेशननंतर दोन ते चार आठवड्यांनी, जखम ठणठणीत असताना, कूस बदलली तरी जीव जाईल अशी कळ येऊ लागली तर गादीचा संसर्ग मनात धरावा लागतो. सीआरपी आणि शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेला एमआरआय यांतून बहुधा निदान होते.

धातूभोवती आणखी एक आळशी जंतू असतो, क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस, तोच तो तारुण्यपीटिकांशी जोडलेला. तो ताप आणत नाही, पू आणत नाही, महिनोन्‌महिने नुसते दुखवत राहतो. कल्चरमध्येही उशिरा उगवतो, म्हणून प्रयोगशाळेला नमुना दहा ते चौदा दिवस ठेवायला सांगावे लागते.

२२. इन्फेक्शन झालेच तर स्क्रू काढावे लागतात का?

लवकर लक्षात आले तर बहुधा नाही. पुन्हा थिएटरमध्ये नेऊन जखम उघडतात, मेलेला भाग काढतात, भरपूर सलाईनने धुतात आणि स्क्रू तसेच ठेवतात. हलणाऱ्या मणक्यात संसर्ग आणखी चिघळतो, म्हणून ते धरून ठेवणारा धातू अशा वेळी कामाचाच. नंतर कल्चरप्रमाणे औषध, अनेकदा सहा आठवडे किंवा त्याहून जास्त, सुरुवातीला शिरेतून. इथे दिवस मोजून कमी करायचे नसतात. हा उपचार आहे, प्रतिबंध नव्हे (प्रश्न १).

उशिरा कळले तर गोष्ट बदलते. जंतू धातूवर चिकट थर तयार करून त्याखाली बसतात आणि तिथे औषधाची मात्रा चालत नाही. तोवर मणके जुळले असतील तर स्क्रू काढून मोकळे होता येते. जुळले नसतील तर सर्जनला कसरत करावी लागते, कधी काढून नवे घालावे लागतात.

२३. मणक्याचा टीबी आहे, त्याची औषधे चालू आहेत. तरी वेगळे अँटिबायोटिक देणार?

हो. टीबीच्या गोळ्यांतले रिफाम्पिसिन स्टॅफिलोकॉकसलाही मारते, पण चिऱ्याच्या वेळचे सेफाझोलिन त्याने चुकत नाही.

याचीच उलटी बाजू म्हणजे प्रश्न ५ चा अपवाद. मणक्यात काहीतरी संसर्ग दिसतो आहे, पण टीबी की साधा पू ते ठरलेले नाही आणि ऑपरेशन मुख्यतः नमुना मिळवण्यासाठी आहे. अशा वेळी काही सर्जन मला थांबायला सांगतात. मी भरलेली सिरिंज हातात घेऊन उभा राहतो, पू-हाडाचे तुकडे बाटल्यांत पडले की लगेच देतो. नातेवाइकांनी नंतर नोंद पाहून ‘इंजेक्शन उशिरा दिले’ असा आरोप केल्याचेही घडले आहे. तो उशीर ठरवून केलेला असतो.

२४. पाठीत स्क्रू आहेत. दात काढताना दर वेळी अँटिबायोटिक घ्यायचे का?

केवळ स्क्रूसाठी नाही. दाताच्या कामातून मणक्याच्या धातूला संसर्ग होतो म्हणून सरसकट औषध द्यावे, याला आधार नाही. दात घासतानाही थोडे जंतू रक्तात जातच असतात. पण हृदयाची झडप बदललेली असेल किंवा पूर्वी झडपेला संसर्ग झाला असेल, तर हिरड्या-दातांच्या कामाआधी डोस लागतो, तो हृदयासाठी. दंतवैद्याला दोन्ही गोष्टी सांगा, झडपेची आधी.